आजार वहिनींचा, फाइल तुमची

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो, वय ४९. बायको ४५ ची, शाळेत गणित शिकवते. मुलगा बारावीला, आई आमच्याकडेच असते. गेली तीन वर्षं हिचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायचा, दिवसातून पाच-सहा वेळा पोट बिघडायचं. पाळी जायचे दिवस आहेत, ॲसिडिटी आहे, पेपर तपासायचं टेन्शन आहे, सगळं ऐकून झालं. यंदा सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या. बायॉप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर निघाला, मूळ लहान आतड्यात. महिन्याचं इंजेक्शन सुरू झालंय, आता डॉक्टर ल्युटेशियम थेरपी म्हणतायत. मी तीन फायली केल्या आहेत, एक्सेल शीट ठेवली आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसतो. हिला टेन्शन नको म्हणून गाठी किती आहेत आणि रिपोर्टात 'ग्रेड २, के-आय ६७ चार टक्के' लिहिलंय, हे सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही विनंती केली की हिच्यासमोर बोलू नका. तपासणीच्या दिवशी ती टेन्शनने सकाळपासून काही खात नाही. चुलतभाऊ अमेरिकेत आहे, तिकडे न्यावं का? आईला फक्त 'पोटात गाठ आहे' एवढंच सांगितलंय. आणि परवा ही मला म्हणाली, 'अहो, तुम्ही हल्ली माझ्याशी बोलताच कुठे, माझ्या फायलीशी बोलता.' एवढं करून हे ऐकावं लागलं. माझं काय चुकतंय?"

नमस्कार.

वहिनींचं बोलणं तुम्हाला लागलं, ते दिसतंय. पण त्या खोटं काय बोलल्या? तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे जागेसाठी कापलंय. त्या चार पानांत तपासण्यांच्या तारखा आहेत, औषधांची नावं आहेत, बिलांचे आकडे आहेत. वहिनींना स्वतःला काय होतंय, काय वाटतंय, याबद्दल त्यांचं हे एकच वाक्य आहे आणि तेही तुम्हाला खटकलं म्हणून आलंय.

तुम्ही वाचताय, नोंदी ठेवताय, हे उत्तमच आहे. दुर्मीळ कॅन्सर घरात आला की कुणा एकाला त्यातलं जाणकार व्हावंच लागतं. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरबद्दल शेजारीपाजारीही चार गोष्टी सांगू शकतात. याचं, म्हणजे हार्मोनसारखी रसायनं सोडणाऱ्या पेशींच्या या कॅन्सरचं, नाव मात्र बऱ्याच फॅमिली डॉक्टरांनीसुद्धा परीक्षेपुरतंच वाचलेलं असतं, म्हणून तर लाल चेहरा आणि जुलाब वर्षानुवर्षं रजोनिवृत्तीच्या नाहीतर ॲसिडिटीच्या खात्यावर पडत राहतात. तेव्हा अभ्यासाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की अभ्यास करता करता आजाराचा सगळा ताबा तुम्ही घेतलात. काय झालंय, किती पसरलंय, पुढे काय, हे तुम्हाला माहीत. ज्यांच्या पोटात ते आहे त्यांना फक्त इंजेक्शनची तारीख माहीत.

आणि खरंच फक्त तुम्हालाच माहीत आहे का? तुम्हीच लिहिलंय की भेटायला येणाऱ्यांना सोडायला तुम्ही खाली जाता आणि लिफ्टपाशी 'खरी परिस्थिती' सांगता. म्हणजे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना गाठींचा आकडा ठाऊक आहे आणि वहिनींना नाही. ती माणसं पुढच्या वेळी येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ते दिसतं हो. वहिनी शिक्षिका आहेत, वर्गात मागच्या बाकावर कोण काय लपवतंय हे ओळखण्यातच त्यांची इतकी वर्षं गेली.

शिवाय त्यांच्याकडे मोबाइल आहे. आजाराचं नाव त्यांना माहीत आहे. ते नाव शोधलं की हमखास इरफान खान समोर येतो: मार्च २०१८ मध्ये त्याने आजार जाहीर केला, एप्रिल २०२० मध्ये तो गेला. वहिनींनी हे वाचलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? माझी खात्री आहे की वाचलंय, हिशेबही केलाय, आणि तो चुकीचा केलाय, कारण बरोबर आकडे तुम्ही कपाटात ठेवलेत. हा आजार कुठे सुरू झाला, ग्रेड किती, यावर त्याचं वागणं पार बदलतं. के-आय ६७ म्हणजे गाठीतल्या किती टक्के पेशी वाढीला लागल्यात तो आकडा. तो तीन टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, तीन ते वीस ग्रेड २, वीसच्या वर ग्रेड ३. तुमच्या रिपोर्टात चार आहे, म्हणजे दुसऱ्या ग्रेडच्या अगदी खालच्या टोकाला. ज्या बाई मुलांना शेकडेवारी शिकवतात त्यांच्यापासून तुम्ही चार टक्के लपवताय! त्यांना हा आकडा कळला तर कदाचित त्या तुमच्यापेक्षा शांत झोपतील.

म्हणून सांगा. पण अकाउंट्सवाल्याच्या सवयीने एका रात्रीत सगळा ताळेबंद पुढे मांडू नका. आधी विचारा: 'तुला किती माहिती हवी आहे? आकडे हवेत का? डॉक्टरांशी तू बोलशील की मी?' काही जणांना सगळं हवं असतं, काहींना फक्त पुढची पायरी. 'मला नको सांगू, तूच बघ' असं म्हणायचाही त्यांना हक्क आहे, आणि तसं म्हणाल्या तर मग खुशाल तुम्ही बघा. फक्त ते त्यांनी म्हटलेलं असावं. आत्तापर्यंत लपवलं तेही सांगून टाका, 'मला भीती वाटत होती' एवढ्याच शब्दांत. 'तुझ्यासाठीच केलं' हे वाक्य शक्यतो टाळा. ते ऐकलं की समोरच्याला रागवायचीही सोय उरत नाही.

ओपीडीत एक करून बघा. वहिनींना डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा, तुम्ही मागे बसा. डॉक्टरांनी 'जुलाब किती वेळा होतात?' असं विचारलं की गप्प राहा. नवरे या प्रश्नाला 'पाच-सहा' म्हणून मोकळे होतात. रात्री तीनला उठून हळूच दार लावून घेतलेलं त्यांच्या मोजणीत कुठून येणार? चेहरा लाल होतो तेव्हा छातीत धडधडतं का, धाप लागते का, हे बाहेरून दिसत नाही. या आजारात या बारीक गोष्टींवरच इंजेक्शनचा डोस आणि हृदयाची टू-डी एको ठरते, कारण या गाठींतून सुटणारी रसायनं काहींच्या हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांना त्रास देतात.

आता त्या न खाण्याबद्दल. तपासणीच्या दिवशी वहिनी सकाळपासून काही खात नाहीत आणि तुम्ही त्याला टेन्शन म्हणताय. तुम्ही ठाण्याहून लोकलने जाता. लोकलला संडास नसतो. ज्या बाईला खाल्ल्यावर अर्ध्या तासात पळावं लागतं ती घाटकोपर-कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिली तर काय करेल, याचा विचार त्यांनी आदल्या रात्रीच केलेला असतो. पोट रिकामं ठेवणं हा त्यांनी शोधलेला उपाय आहे. विचारून बघा, लाजत लाजत हो म्हणतील. वीस वर्षांच्या संसारातसुद्धा हा विषय नवऱ्याकडे काढणं बायकांना जड जातं. पैसे परवडतील त्या दिवशी गाडी करा आणि वाटेत कुठे थांबता येईल ते आधी ठरवून ठेवा. लोकलनेच जायचं असेल तर दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं, कागद जवळ ठेवा. एक जादा सलवार, ओले रुमाल आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जुलाब थांबवायची गोळी एका पिशवीत, आणि ती पिशवी तुमच्या खांद्यावर. तीन फायलींपेक्षा ही पिशवी जास्त उपयोगी पडेल.

फायलीही टाकून देऊ नका, तुमच्या शिस्तीला पुष्कळ काम आहे. बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या. अशा आजारात मोठ्या कॅन्सर केंद्रात, जिथे पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून असे नमुने सतत जातात, तिथे ते पुन्हा वाचून घ्यावेत. के-आयचा आकडा बघणाऱ्यागणिक थोडाफार हलू शकतो. महिन्याचं इंजेक्शन पावडरचं असेल तर ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत राहायला हवं, केमिस्टकडून बर्फाच्या डब्यातून आणावं, पण गोठू देऊ नये. टोचायच्या आधी ते खोलीच्या तापमानाला यावं लागतं आणि कालवल्यावर लगेच द्यावं लागतं, नाहीतर सुईतच अडकतं. हे इंजेक्शन आधी दिलेली सिस्टर शोधून ठेवा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'देतो की' म्हणतील, तिथे देऊ नका. क्रोमोग्रॅनिनच्या, म्हणजे या गाठींचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाच्या, रक्ततपासणीआधी डॉक्टरांना आठवणीने सांगा की वहिनी ॲसिडिटीची गोळी घेतात. पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी तो आकडा उगीच वर जातो आणि तुम्ही रात्री दोनला घाबरता. गोळी परस्पर बंद मात्र करायची नाही. या गाठींच्या रसायनांच्या तपासणीसाठी २४ तासांची लघवी साठवायची असेल तर आधीचे दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. आणि वहिनींच्या पर्समध्ये एक चिठ्ठी कायमची असू द्या: आजाराचं नाव, चालू इंजेक्शन, कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर, आणि 'भूल देण्याआधी यांना विचारा'. साधी दाढ काढायची असली तरी डेंटिस्टला ती दाखवायची. भूल किंवा ॲड्रेनलिन दिल्यावर या आजारात रक्तदाब एकदम वर-खाली होऊ शकतो. आधी माहीत असेल तर त्याची तयारी करता येते.

आईंना सांगा. 'कॅन्सर' हा शब्द वापरून सांगा. तुम्ही लिहिलंय की सून अशक्त दिसते म्हणून त्या रोज साजूक तुपातला शिरा करतात आणि ती तो खात नाही म्हणून रुसतात. आतड्याचा हा आजार आणि वर हे इंजेक्शन, दोन्हींमुळे तूप-तेल पचत नाही. शिरा खाल्ला की वहिनींना संडास गाठावा लागतो. सासूला हे कारणच ठाऊक नसेल तर ती रुसणार नाही तर काय करेल? त्यांच्या हाताला काम हवंय, ते द्या: दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊ भात, मुगाचं वरण, ताक चालत असेल तर ताक. तेलकट, चिकट शौच होत असेल तर डॉक्टर पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, त्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात. ती आठवण करायचं काम आईंइतकं चोख कुणी करणार नाही. गुरुवारचे उपास त्यांना करू द्या. फक्त कुणी सुचवलेला काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये, एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

तिखट, मोठं जेवण, दारू, मनस्ताप यांनी चेहरा लाल होतो हे खरं. म्हणून तुम्ही वहिनींची मामलेदारची मिसळ बंद केलीत. डॉक्टरांनी नाही, तुम्ही! त्यांना विचारा. चार घास तर्रीशिवाय खाऊन नंतरचा अर्धा तास सोसायची त्यांची तयारी असेल तर तो त्यांचा सौदा आहे.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं तेही सांगते, कारण ठाण्यात माणसं फोन न करता येतात आणि तासभर बसतात. पाहुणे आले की वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकतात आणि तुम्ही हॉलमध्ये रिपोर्ट समजावता, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. हे उलटं करा. चहा तुम्ही टाका. वहिनींना बोलायचं असेल तर त्या बोलतील, नसेल तर आत जाऊन पडतील. दाराशी 'आज ती विश्रांती घेतेय, पुढच्या आठवड्यात या' म्हणायला शिका; लोक दोन दिवस नावं ठेवतील. आणि लिफ्टपाशी यापुढे काहीही सांगायचं नाही. कुणाला काय सांगायचं ते वहिनी ठरवतील.

ल्युटेशियमबद्दल तुमच्या घरात जी भीती आहे तीही काढून टाकू. ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी पदार्थ अशा रेणूला जोडतात जो या गाठींच्या पेशींवरच जाऊन बसतो; म्हणून आधी डोटाटेट पेट स्कॅन करून गाठी तो रेणू पकडतात का ते बघतात. औषध शिरेतून देतात, सोबत मूत्रपिंडं सांभाळायला अमिनो ॲसिडचं सलाइन असतं. त्या सलाइनने मळमळतं, हे वहिनींना आधी सांगून ठेवा. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा द्यायची पद्धत आहे, मध्ये रक्ताच्या तपासण्या. ल्युटेशियमचा अर्धायुकाल सुमारे पावणेसात दिवसांचा, आणि शरीरात न चिकटलेलं बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातं. म्हणून भरपूर पाणी, बसून लघवी, दोनदा फ्लश, काही दिवस वेगळं अंथरूण, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब. किती दिवस ते रुग्णालय लेखी देतं, तेवढंच पाळा. बारावीतला मुलगा काही तान्हा नाही. त्याने थोडं अंतर ठेवून आईशी गप्पा मारायला काही हरकत नसते. 'मुलाला किरणं लागतील' म्हणून त्याला महिनाभर मामाकडे पाठवायचा तुमचा बेत रद्द करा. आईला त्याची गरज आहे आणि त्याला आईची. परीक्षेच्या सुमारास डोस येत असेल तर तारीख हलवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मात्र महिन्याचं इंजेक्शन आणि ल्युटेशियम यांच्या तारखा एकमेकींत गुंतलेल्या असतात, तेव्हा परस्पर पुढेमागे काही करू नका.

यासाठी अमेरिकेला न्यावं का? अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली जानेवारी २०१८ मध्ये. आपल्याकडे ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, म्हणजे तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर. दुसरं मत जरूर घ्या, पण ते इथल्या एखाद्या मोठ्या केंद्रात, जिथे सर्जन, कॅन्सरचे डॉक्टर आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर ट्यूमर बोर्डात एकत्र बसून केस बघतात. चुलतभावाचा फोन आला की त्याला आभार म्हणा आणि वहिनींशी बोलू द्या.

पैशांचं थोडक्यात, कारण तो तुमचाच प्रांत. कॅशलेससाठी ल्युटेशियमची पूर्वमंजुरी तारखेच्या बऱ्याच आधी मागा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत होते. तुमचं रुग्णालय आणि हा उपचार त्यात बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिलं तुमचं रात्रीचं वाचन. तुम्ही जे आलेख बघता त्यांत सगळे ग्रेड, सगळे अवयव, जुने उपचार एकत्र कालवलेले असतात, आणि रात्री दोन वाजता माणसाला त्यातला वाईटच आकडा दिसतो. दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत. हा आजार अनेकदा वर्षानुवर्षं चालतो. तुम्ही सहा महिन्यांतच थकून कोलमडलात तर पुढचं कोण करणार? रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात तुमच्यासारख्या नातेवाइकांशी बोलणारी माणसं असतात, त्यांच्याकडे एकदा एकट्याने जाऊन या. तिथे रडलात तरी चालेल. आणि रात्री वहिनींच्या शेजारी झोपताना तब्येतीची चौकशी करू नका. शाळेत आज कोण काय म्हणालं ते विचारा. तुम्हाला ऑफिसात आज कुणाचा राग आला ते सांगा. आजारी माणसासमोर आपल्या कटकटी काढू नयेत असं तुम्हाला वाटत असणार, पण त्या ऐकायच्या राहिल्यात म्हणूनच तर 'बोलताच कुठे' असं त्या म्हणाल्या.

पुढच्या तपासणीआधी डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, हिच्यासमोर बोलू नका म्हणालो होतो ते मागे घेतो, आता सगळं तिच्याशीच बोला. पण हा फोन करण्याआधी वहिनींना विचारा. आणि त्या म्हणाल्या 'फोन मीच करते', तर नंबर द्या आणि बाहेर जाऊन बसा.